उजव्या काखेखालून

बायण्याच्या दुकानात कॉम्प्रेसर बंद झाला
की उरलेल्या शांततेला डिझेलचा वास यायचा.
त्यात इनासबाब टेबल पुसायचा, सकाळची पेज सांडलेलं,
आणि दोन नळ्या मांडायचा माझ्यासमोर.
एक सात फूट. एक अडीच वीत.

लांब उजव्या चावीवर.
का, तर बुडालेल्या जहाजात छताला घासत गेलीस
तर डावी चावी मिटू शकते,
उजवी घासली तर उलट उघडते.
मग सरळ खाली सोड पाठीवरून,
काखेखालून पुढे घे, उजव्या,
टॉर्चचा डबा असेल तर त्याच्याखाली, नसेल तर पट्ट्यात खोच,
तिथून छातीवर तिरकी, डाव्या खांद्याकडे,
मानेमागून फिरव
आणि उजव्या गालाजवळून तोंडात.

"तुमच्या भटाचं जानवं असतं तशी," म्हणाला.
आम्ही मालवणचे गाबीत,
आमच्यात कुणी पाहिलंय जानवं.
मला रबराचं मिळालं,
काळं, मिठाने पांढुरकं झालेलं.

आखूड नळी डाव्या चावीवर.
तिचं तोंड इलॅस्टिकच्या फासात, हनुवटीखाली,
मान खाली केली की ओठांना सापडेल असं.
"ही तुझी."
मग तोंडातली कुणाची?
"मागेल त्याची."

हवा संपलेला माणूस विचारत नाही, बाय,
तुझ्या तोंडातली चालू आहे हे त्याला दिसतं,
तो तीच ओढतो.
ओढायच्या आधी देऊन मोकळी हो.

त्यानंतर तो कधीही, कुठेही
गळ्यावरून आडवा हात फिरवायचा.
मी चहा गाळत असताना. पावत्या लिहीत असताना.
भाचीच्या लग्नात, चर्चच्या पायरीवर, सूट घालून.
आणि मी तोंडात नसलेली नळी काढून
त्याच्यापुढे धरायची, मान वाकवून.
वऱ्हाडी बघत राहायचे.

खरं एकदाच झालं.
ग्रांडे बेटापाशी, पाणी कुळथाच्या कढणासारखं,
नागपूरचा एक इंजिनिअर धुक्यातून आला,
डोळे मोठे, हात गळ्यावर.
दिली. मान वाकवली. स्वतःची घेतली.
पण नळी सुटेना.
टॉर्चची वायर मी तिच्यावरून घेतली होती सकाळी,
गप्पा मारत.
तीन सेकंद तो माणूस माझ्या गालाला गाल लावून
श्वास घेत होता.
मग वायर सरकली.

बोटीवर इनासबाब काहीच बोलला नाही.
रात्री मात्र दिवा मालवून
अंधारात मला सगळं चढवायला लावलं,
उतरवायला लावलं,
मोजणं मी चाळीसला सोडलं.

आता तो चिखलीला, बहिणीच्या घरी.
फुप्फुसं गेली.
कोपऱ्यात मशीन घुरघुरतं, कॉम्प्रेसरचं पिल्लू असावं तसं,
आणि त्याच्यापासून निघालेली नळी
पंधरा फूट, फिकट हिरवी,
खुर्चीच्या पायात अडकते, दारात चेंगरते,
मांजराला तर तीच जागा आवडते.

रविवारी गेले, कपड्यांचे चिमटे घेऊन.
खिडकीच्या कडेने नळी बांधली,
खुर्चीच्या मागून वर आणली,
पुढे खांद्यावरून सोडणार
तेवढ्यात मागून, दोन श्वासांत मोडलेलं वाक्य:
"अशें न्हय गो.
काखेखालून."

घेतली काखेखालून.
हात किती हलका झालाय त्याचा,
उचलताना आधी जोर लावला तो फुकट गेला.

निघताना दारातून वळून पाहिलं.
त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला.
हसत होता, वाटतं.
माझा हात तोंडाकडे गेलाच,
मान वाकलीच.

मांजर उठलं, आळस दिला,
आणि पुन्हा नळीवर जाऊन बसलं.