भाग दोनचं परीक्षण

तीनशे शब्द, आणि तारे किती ते खाली वेगळे लिहा,
असा कुरुंदवाडे साहेबांचा निरोप.
शनिवारची पुरवणी, पान तीन,
भडंगाच्या जाहिरातीच्या बरोबर वर.

पहिल्या 'सूरपारंब्या'ला मी साडेचार तारे दिले होते.
तेव्हा अख्खी गल्ली माझ्या पुढच्या खोलीत.
एक माइक, चौदा माणसं,
पडद्यावर सरकणाऱ्या निळ्या पट्ट्या
आणि त्यांवर आवाज नेमका टेकवायचा.
सम्मेद तेव्हा पाचवीत.
ब्याण्णव. चौऱ्याण्णव. एकदा सत्त्याण्णव,
पडद्यावर फटाके.
त्याच्या आईनं फटाक्यांचा फोटो काढून
कुंभोजच्या मामाला धाडला होता.

आता भाग दोन.
पुण्या-मुंबईच्या परीक्षकांचं एकमत दिसतंय:
चित्रं झकास, माइक बिनतारी,
गाणी त्याच तेलात पुन्हा तळलेली,
गुण देताना हात आखडता.
एकानं लिहिलंय, पहिल्यात मजा होती, दुसऱ्यात परीक्षा आहे.
एकानं तीन तारे दिलेत, का ते सांगितलं नाही.
मीही तेच लिहिणार होते.
पहिलं वाक्य तयार होतं:
चकाकी वाढली, गळा तोच.

रविवारी सम्मेद आला.
ओठावर काजळाचं बोट पुसल्यासारखी लव.
तेच गाणं निवडलं.
पहिली ओळ चढली,
दुसऱ्या ओळीला जिन्यावरून कळशी सुटली.
अडतीस.
पुन्हा. एकेचाळीस.
पुन्हा. तेहतीस.
"गेम बिघडलाय, ताई," तो म्हणाला,
अर्धं वाक्य त्याचं, अर्धं त्याच्या वडिलांच्या आवाजात.
"लिवा पेपरात. एकच तारा द्या."

माळ्यावरून पहिला भाग काढला.
पुरात तो माळ्यावर होता म्हणून वाचला;
पाणी कुठवर होतं ते भिंत अजून सांगते,
दोनदा रंग दिला तरी रेघ वर येते.
जुन्या खेळात, जुन्या माइकवर, जुनं गाणं.
छत्तीस.
फटाके नाहीत.
सम्मेद पडद्याकडे बघत नव्हता,
त्या रेघेकडे बघत होता.

नजीरभाई मिरजेहून आले होते,
आईच्या तंबोऱ्याची जवारी काढायला.
चष्म्यावरून सगळं बघत होते.
तारेखालचा दोरा केसभर सरकवला,
तार छेडली. फुटका आवाज.
अजून केसभर. तोच फुटका.
"तार तीच हाय," कुणाला उद्देशून न बोलता ते बोलले,
"जागा घावायला टाइम लागतो."
मग आम्ही त्यांनाच माइक दिला.
त्यांनी डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या,
एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, रेंगाळत.
बावन्न.
हसून हसून त्यांना ठसका लागला.
"ह्यो म्हणतोय उड्या मारा.
आमच्याकडं सरकत जात्यात."

रात्री मी पहिलं वाक्य खोडलं.
गळा तोच नव्हता.
मग काय लिहायचं? गाणी जुनी, हे खरं.
पट्ट्या सरळ, माणसं वाकडी, हेही खरं,
पण त्याचा दोष खेळाला किती द्यायचा?

सेटिंगमध्ये, पाच पानं खाली, अगदी तळाशी
एक पर्याय सापडला: गुण दाखवू नका.
कुठल्याच परीक्षकानं त्याचा उल्लेख केलेला नाही.
तो निवडला की पट्ट्या जातात, आकडे जातात,
उरतात फक्त शब्द
आणि मागं वाजणारी पेटी.

सोमवारी साहेबांचा फोन.
"साडेतीन? बाकी सगळे तीन देतायत.
हा अर्धा कशाचा?"
"शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय," मी म्हणाले.
"तोच कापतोय," ते म्हणाले,
"भडंगवाल्यानं जागा वाढवून घेतली."

पुढच्या खोलीत दार लोटून कुणीतरी
एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होतं,
आधी वरच्या पट्टीत,
मग खाली,
मग त्याच्याही खाली.