नमुना

सांगलीच्या यार्डात, सौद्याच्या वेळी,
पारिसा मगदूम ढिगातलं एक हळकुंड उचलून
मोडतो. कट्.
गाभ्यावर अंगठा घासतो आणि भाव बोलतो.
वरून काय, म्हणतो, सगळीच शहाणी दिसतात.

आज त्याचाच तुकडा माझ्यासमोर आहे.
मोठ्या आतड्याचा, तांदळाच्या कणीएवढा,
मेणात बसवलेला.
मी चाक फिरवते. तीन मायक्रॉनची चकती
कोमट पाण्यावर सायीसारखी तरंगते.
श्वासानंही दुमडेल,
म्हणून तेवढा वेळ श्वास घेत नाही.

काचेखाली व्रण भरलेला. सगळं शांत.
पण मुजावर मॅडमचा शांततेवर भरवसा नाही.
"जखम मिटली, भांडण मिटलंय का बघ. दुसरा डाग दे."
आत कुणी दबा धरून असेल
तर तिथं तपकिरी उमटतं.

उमटलं.
थोडंसंच, पेशींच्या रांगेआड,
बशीत चहा सांडावा तसं.
म्हणजे वर्षाच्या आत पुन्हा रक्त,
पुन्हा रात्रीतून आठ वेळा उठणं?
मॅडम टक्के सांगतात.
बाकावर टक्के नाही, माणूस बसलाय,
नखांत हळद.

"काय भाव निघाला, ताई?"
रिपोर्ट सोमवारी, मी म्हणते.
आणि राहवत नाही म्हणून विचारते,
एका तुकड्यावरून पोतं ओळखताना
चुकतोस का रे कधी?

"चुकतो की," तो हसतो,
"म्हणून चार ठिकाणची मोडायची."

मी आत जाते.
ट्रेमध्ये त्याच्या नावाच्या
अजून तीन डब्या आहेत.