एकशे बेचाळीस

एकशे बेचाळीस, म्हणाली अनाहिता,
आणि हेल्मेट काढायच्या आधीच हातमोजे बाकावर फेकले.
अकराव्या लॅपनंतर तिसरा पडतच नाही, काका.
चिखलात काठी खुपसल्यासारखं वाटतं.

मी ड्रेन प्लग सोडवला.
तेल आलं ते काळं, जळक्या कांद्याच्या वासाचं.
दोन बोटांत चोळलं तर चमचम. पितळ.
म्हणजे सिंक्रो रिंग चालली.

एकतीस वर्षं पिंपरीत गिअर कापले मी.
व्हीआरएसच्या दिवशी कंपनीने घड्याळ दिलं,
ते भिंतीवर आहे, चार मिनिटं मागे.
पण कापलेला दात पुढे कुठे जातो, किती तापतो,
हे विचारायची कधी वेळच आली नाही.
आमचं काम मायक्रॉनपर्यंत. पुढचं गिऱ्हाइकाचं.

आता गिऱ्हाईक भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये उभं,
चोवीस वर्षांचं, कॅम्पातलं, घामाने निथळत.

नाना पेठेत हुसेन तांबोळींकडे
एका बाइकचा ऑइल कूलर निघाला, भंगारातला,
पंख असे मुडपलेले की त्यावर कुणी बसून जेवला असेल.
हुसेनभाई पितळी रेडिएटरचे माणूस,
ॲल्युमिनियमला हात लावताना तोंड वाकडं करतात.
याला डाग बसत नाही, रुसतं हे.
तरी दाभणाने एकेक पंख सरळ केला,
तीन तास, दोन चहा,
आणि पैसे विचारले तर म्हणाले, रेस झाल्यावर.

कागदावर सोपं होतं:
बॉक्सच्या पोटातून तेल ओढायचं, जाळीतून गाळायचं,
कूलरमधून फिरवायचं,
आणि तिसरा-चौथा जिथे एकमेकांत शिरतात
नेमकं तिथे, वरून, शिंपडायचं.

कागदाला घाम येत नाही.
केसिंगला येतो. तीनदा धुतलं, भाजलं, पुन्हा धुतलं,
तरी टिगची ज्योत लागली की
ओतकामाच्या छिद्रांतून जुनं तेल वर,
आणि वेल्ड काळा, फुगलेला, उतू गेलेल्या दुधासारखा.
घासा. पुन्हा.
अर्धं पिंप पाणी, आत दोन बार हवा,
आणि आम्ही दोघं पाण्यावर वाकून,
बुडबुड्याची वाट बघत.
आला. बारीक, मोहरीएवढा.
घासा.

पहिला पंप रबरी पडद्याचा, स्वस्तातला.
बासष्टाव्या मिनिटाला मेला.
दुसऱ्याच्या पैशांत शालनची शिलाई मशीन आली असती,
हे ती बोलली नाही,
फक्त खोक्यावरची किंमत मोठ्याने वाचली.

मग जानेवारी. पहाटे पाच, बोपदेव घाटाचा पायथा,
नऊ अंश, तोंडातून वाफ.
अनाहिताने तिसरा टाकला. नाही.
पुन्हा टाकला. करकर.
तेल अडतीसवर, पाकासारखं घट्ट.
ताप उतरवायला निघालो
आणि पेशंटच गार पाडला.

घरी शालन भजी तळत होती.
मी काही विचारलं नव्हतं.
ती म्हणाली, तेल तापायच्या आत सोडली
की भजी तेल पितात,
आणि झारा माझ्या हातात देऊन दार उघडायला गेली.
मी तिथेच उभा. घाणा करपला.

दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट बसवला.
ऐंशीच्या आत कूलरची वाट बंद.
तेल तेवढ्यातच फिरेल, कढेल, सैल होईल,
मग दार उघडेल.

काल चाकणच्या पुढे, एका बंद कारखान्याच्या आवारात,
बावीस लॅप.
सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.
ती काहीच बोलली नाही रेडिओवर,
आणि मला फक्त पंप ऐकू येत होता,
म्हणजे खरं तर येत नव्हता,
एवढ्या आवाजात कसा येईल.

हुसेनभाईंचा फोन: झाली का रेस?
म्हटलं, नाही अजून.
मग मला विचारू नका पैसे.

आज सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर एक थेंब.
जुना की नवा, कळेना.
बोटावर घेतला, नाकाशी नेला.
जळका नाही.
पण थेंब तो थेंब.
जॅक लावला.