दशा

आठ बारचा तुकडा. फेब्रुवारीपासून तोच.
किक, टाळी, हायहॅट, खाली बेस,
आणि अशोक चौकामागच्या गल्लीत मोबाईलवर धरलेला
लूमचा ठोका : खटॅक् खट्ट, खटॅक् खट्ट.
सगळं एकदम वाजतं, संपतं,
पुन्हा पहिल्यापासून.
मी मान हलवते. अजून एक थर चढवते.
एकोणीस थर झाले
आणि गाणं अजून पंधरा सेकंदांचंच.

मे महिन्यात लॅपटॉपलाही धाप लागते.
त्याच्याखाली स्टीलचं ताट उपडं घातलंय.
हेडफोनचा डावा कान मेलेला,
म्हणून उजव्या कानात गाणं
आणि डाव्या कानात आई :
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु...
पंचवीसचा कट्टा, दोरा, गाठ.
पुन्हा ओकटी.
सुपातला तंबाखू तिच्या बोटांना न बघता सापडतो.
या घरात लूप काही मी आणलेला नाही.

दुपारी मल्लेशम मामा आला
लाइट बिलाचे साडेतीनशे परत मागायला.
पस्तीस वर्षं जकार्डची पुठ्ठी टोचली त्याने,
कान लूमने कधीच खाल्ले.
आई आत पैसे शोधत होती
(शोधत नव्हती, नुसती डबे वाजवत होती, तेही त्याला ऐकू आलं नाही)
तेवढ्यात तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"काय करलालीस गं?"
मी पडद्याकडे बोट दाखवलं.
एकोणीस आडव्या पट्ट्या, हिरव्या, जांभळ्या, केशरी,
या कडेपासून त्या कडेपर्यंत गच्च.
त्याने चष्मा वर ढकलला
आणि ज्याला एक ठोका ऐकू येत नाही
तो माणूस माझं गाणं वाचू लागला,
बोटाने, चौकटी मोजत, डावीकडून.

मग हसला. "सगळेच रंग वर काढलीस की!
मोर दिसणार कसा मग?"

मी ओरडून विचारलं, बाकीचे काढून टाकू?
"काढायचं कशाला? खाली सोड.
धागा खालून जातोच की. भोक पडलं, की वर येतो."

तो गेला. दोनशे घेऊन.

मी एकेक थर मुका केला.
किक खाली. टाळी खाली. बेस सगळ्यात शेवटी,
हात चालेना.
उरला फक्त लूमचा ठोका,
त्यामागे गल्लीतला कुणाचा तरी खोकला,
जो मला चार महिने ऐकूच आला नव्हता.
सोळा बार तो एकटा ठेवला.
मग हायहॅट, कडेकडेने, किनारीसारखा.
बेस येईपर्यंत दीड मिनिट गेलं
आणि आला तेव्हा ताट थरथरलं.

चौसष्टाव्या बारला लाइट गेली.
अख्ख्या गल्लीतले लूम
कुणी मान धरल्यासारखे थांबले.
लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता,
तरी मी स्पेस दाबला.
डाव्या कानात, अंधारात, तीच :
इरवै मूडू, इरवै नालुगु, इरवै ऐदू.
गाठ.
मोबाईल पुढे केला तर म्हणाली,
"ये, मोज तूच आता. माझं चुकवलीस."

ते "चुकवलीस" मी ठेवलंय.
तिथे एकही थर वर नाही.
त्यानंतर सगळे वर येतात, एकदाच,
आणि मोर असलाच तर तो तिथे आहे.

शेवट मात्र जमेना.
जिथे कापावं तिथे तुटल्यासारखं वाटे.
रात्री मामाकडे उरलेले दीडशे द्यायला गेले,
तळहातावर बोटाने लिहून विचारलं : शेवट?
त्याने अंगावरची चादर ओढून तिचं टोक दाखवलं,
जिथे विणणं थांबलंय
आणि नुसते ताणे वीतभर मोकळे लोंबतायत.
"दशा सोडायच्या," म्हणाला. "नाहीतर उसवतं."

पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद.
शेवटच्या वीस सेकंदांत
खटॅक् आहे, खट्ट नाही.