अनरूली

मिरजेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
माझा इंग्रजीचा क्लास.
खाली पट्टा सुरू झाला
की शब्दांवरसुद्धा पीठ बसतं.

फळ्यावर लिहिलं : अनरूली.
म्हणालो, यात 'रूल' आहे,
म्हणजे नियम, आणि आखायची पट्टीही.
कुणीतरी रेघ मारतंय
आणि जे रेघेबाहेर जातंय, ते अनरूली.
केस. जमाव. शेवटच्या बाकावरचा विश्वजित.
विश्वजित खूश.

मराठीत काय, सर?
अनावर, म्हणालो, आणि तिथंच अडकलो.
अनावर हसू होतं, झोप होते,
फार तर हुंदका.
केसांना कोण अनावर म्हणतं?
बेलगाम घोड्याला, मोकाट कुत्र्यांना.
आणि 'आवर' तर आई म्हणते,
आवर लवकर, एसटी चुकेल.

दुसऱ्या दिवशी वाक्यं आली.
'उसाची ट्रॉली अनरूली असते.'
दिला मार्क.
'कृष्णा नदी अनरूली आहे.'
लाल पेन उचललं, मग ठेवलं;
तिला पट्टी कुणी लावली होती
हे मलाच सांगता येईना.

जुलेखा सतारमेकर,
आडनावातच अर्धं इंग्रजी,
तिचं एकच वाक्य :
'माझ्या अब्बांचा हात अनरूली आहे.'

नाही, म्हणालो.
अनरूलीला थोडी मस्ती लागते.
आपोआप होतं ते अनकंट्रोलेबल.
थरथर, उचकी, खोकला.
खोड आणि ते लिही.

तिनं खोडलं नाही.
म्हणाली, चाळीस वर्षं
जवारी काढली सर त्या हातानं.
घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची,
कान लावायचा,
पुन्हा केसभर घासायचं.
आता कानस उचलली
की हात स्वतःचंच काहीतरी वाजवत बसतो.
दवाखान्यात त्याला लांबलचक नाव आहे.
घरात आम्ही म्हणतो,
हात ऐकत नाही.

खाली गिरणी बंद झाली होती.
फळ्यावर दोन शब्द,
दोन्ही माझ्याच अक्षरात,
दोन्ही जरा जास्तच सरळ.

मग काम? मी विचारलं,
शिकवायचं सोडून.

चालू आहे की.
कानस आता अम्मी धरते.
अब्बा शेजारी, डोळे मिटून,
तो हात मांडीखाली दाबून.
ती घासते, तार छेडते.
ते म्हणतात, अजून.
अजून.
हां, बस.