परिचराची बाटली

बाटलीवर मी तारीख लिहितो, नाव लिहीत नाही.
नाव रजिस्टरात आहे, लॅटिनमध्ये.
एकतीस वर्षं त्याचा उच्चार चुकत आलो,
कुणी हरकत घेतली नाही.
कुणी म्हणजे बाटलीतल्यांनी.
मॅडम घ्यायच्या.

कृती सोपी आहे.
मूठभर कडबा, दादरचा असला तर उत्तम,
बोटभर तुकडे करून उकळायचा.
पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं की गाळायचं,
दोन दिवस फडकं बांधून ठेवायचं.
वास सुटला म्हणजे पंगत मांडली.
मग जुन्या बाटलीतला एक थेंब नव्या बाटलीत.
चोपड्याच्या या कॉलेजात लागलो त्या जूनमध्ये
गूळ नदीच्या डबक्यातून आणलेला पहिला थेंब
अजून संपलेला नाही.

पोरं येतात, नवा पांढरा कोट, खिशात घडी मोडलेला रुमाल.
"भाऊ, काहीच दिसत नाही."
डोळा भिंगाला चिकटवू नको, आपलीच पापणी दिसते.
मी काचेवर कापसाचे चार तंतू सोडतो,
अडावदचा कापूस, हातानं सरकी काढलेला.
चपलेच्या तळव्याएवढ्या आकाराचे,
नाही, आकाराचे तसे, एवढे नाही,
ते जीव तंतूंच्या कुंपणाला धडकतात,
मागे सरतात, अंग जरासं वळवून पुन्हा धडकतात.
"ओ माय, हाई त पयी ऱ्हायनं!"
दर वर्षी कुणीतरी ओरडतंच.
अंगात दोन टोकांना दोन चांदण्या उघडतात, मिटतात.
आत शिरलेलं पाणी बाहेर टाकायचं,
दिवसभर, रात्रभर.
घर म्हणजे एक खोली, आणि ती रोज गळते.

अमीबाला घाई नसते.
जिकडे जायचं तिकडे आधी थोडं अंग पाठवतो,
मग उरलेला जातो.

"अमीबा मरतो का, भाऊ?"
हिलाल भिल, दुसरा बाक.
म्हटलं, तापवला तर मरतो, वाळला तर मरतो,
म्हातारा होऊन नाही मरत.
मधोमध चिरतो, दोन होतात.
बाप कोणता, पोरगा कोणता, ओळखू येत नाही,
मग रडणार कोण, कोणासाठी?
मला हसू आलं होतं, माझ्याच बोलण्याचं.
हिलालनं वहीत दोन गोल काढले,
नावं द्यायची रेघ ओढली, आणि तिथंच थांबला.
त्याचा बाप दिवाळीत गेला होता.
हे मला मार्चमध्ये कळलं,
फीच्या अर्जावर.

त्या मेमध्ये त्याला अनेरच्या धरणावर घेऊन गेलो.
माफी मागायची म्हणून नाही, स्पंज आणायचा होता.
हिवाळ्यात दगडावर हिरवी साय असते, घाणेरड्या वासाची,
अंगभर छिद्रं, तोंड नाही, पोट नाही,
पाणी आत येतं, पाणी जातं, मधलं राहतं ते जेवण.
मॅडमनी एकदा तो मलमलीतून पिळून काढला होता,
पेशी न् पेशी सुटी, पाणी नुसतं गढूळ.
सकाळी तळाशी गोळे.
रात्रीतून एकमेकांना शोधून चिकटलेले.
पण मेमध्ये पाणी खाली गेलेलं,
दगडावर जुन्या गिलाव्यासारखी पापडी.
"मेला," हिलाल म्हणाला.
मी पापडी नखानं उचलली.
खाली खसखशीसारखे दाणे, पिवळट, कडक.
हे मेलेत का, ते पाणी आल्यावर कळतं,
एवढंच म्हटलं.
तो बराच वेळ तळहात मिटून उभा होता.
ऊन सेहेचाळीस असेल.

आता हिलाल सर तासिका तत्त्वावर शिकवतात.
पगार कधी येतो, कधी नाही.
माझी सेवा एकतीसला संपते,
भिंतीवर मोठा पडदा आला आहे,
त्यावर पॅरामेशियम म्हशीएवढा दिसतो
आणि पोरं जांभया देतात.
एक बाटली मी घरी आणली.
बायको म्हणाली, "डास व्हतीन त्याम्हा."
मी झाकण घट्ट केलं, मग आठवलं,
सैल ठेवायचं असतं, हवा लागते.

हिलाल सर,
कपाटात खालच्या खणात कडबा संपत आला आहे.
दादर निघाली की पेंढी मागून ठेवा.
दाण्यांची पुडी माझ्याकडेच आहे, तुमच्याच अक्षरातली तारीख आहे वर.
पाण्यात अजून टाकली नाही.