चार जास्तीचे

बांबोळीला लविनियानं शिशाच्या डब्यातून
चिमट्यानं कॅप्सूल काढली
आणि स्वतः दोन पावलं मागं सरली.
मी एका घोटात गिळली.
चव कशाचीच नव्हती.

तीन रात्रींनंतर रायबंदरची फेरीबोट.
कठड्याला एकटी उभी राहिले, स्कूटरवाल्यांपासून दूर.
आता दिवाडीला, मागच्या खोलीत:
वेगळं ताट, वेगळी बादली,
खिडकीतून खाजनाचा खारट वास.

उंबऱ्यापलीकडं शार्दुल, बाबाची पोलादी टेप घेऊन.
“आई, दोन मीटर आणि वर चार बोटं.”
चार कशाला रे?
“असू देत. जास्तीची.”

जास्तीची.
आयोडीन मुळात शहाणं.
त्रेपन्न प्रोटॉन, चौऱ्याहत्तर न्यूट्रॉन.
मिठात असतं, सुंगटांत असतं,
युगं गेली तरी हूं की चूं नाही.
माझ्या गळ्यात बसलंय तेही आयोडीनच,
फक्त न्यूट्रॉन चार जास्त.

चौदा वर्षं अकरावीला शिकवते मी हे.
प्रोटॉन ढकलतो, जवळच्याला, लांबच्याला,
एकूण एकाला.
धरून ठेवणारं बळ मात्र आखूड हाताचं,
शेजाऱ्यापुरतं.
मुलं लिहून घेतात. घंटा होते.

माझ्या वडिलांना फळा ठाऊक नव्हता.
सगुण गांवकर, मानशीचं दार राखणारे,
गुडघाभर चिखलात उभे राहून म्हणायचे,
ढेकूळ धरतं ते बाजूच्या ढेकळाला,
मांडवी रेटते अख्ख्या बांधाला.
म्हणून बांध जितका लांब
तितकी त्याची झोप हलकी.
मध्ये पेंढा घाल. पेंढा कुणाशी भांडत नाही.
पण बेतानं गो,
पेंढाच पेंढा झाला की बांध पोकळ.

शिशापर्यंत जमतं हे.
ब्याऐंशीच्या पुढं कुठलाच बांध कायमचा नाही,
काही मात्र इतके सावकाश खचतात
की डोंगरांनाही पत्ता लागू नये.

माझे घाईतले.
पेंढ्याची एक काडी चिखल होते,
ठिणगी उडते, गाठीची एक पेशी जळते,
आणि आयोडीनच्या जागी झेनॉन.
नावाचाच अर्थ परका.
कुणाशी न बोलता रक्तातून निघून जातो.

आठ दिवसांत निम्मे.
कुठला आज, कुठला पुढच्या महिन्यात, विचारायचं नाही.
ते म्हातारे होत नाहीत.
शेवटी उरलेला
पहिल्या दिवसाइतकाच कोवळा असतो.

वडील पुनवेच्या सगळ्या भरत्या जागून काढायचे,
कंदील, काठी, विडी.
खांड पडली ती अष्टमीला.
पाणी मंद, वारा नाही, ते घरी झोपलेले.
सकाळी भातात मासे.
कुर्ल्यांच्या बिळांना शिवी दिली नाही त्यांनी,
कारणही शोधलं नाही.
फावडं उचललं.

शार्दुल उंबऱ्यावर मोयऱ्याचं केळं सोलतो.
त्या केळ्यात पोटॅशियम, त्यातलं थोडं अस्थिर,
त्याच्या इवल्या हाडामांसात दर सेकंदाला
हजारेक अणुकेंद्रं फुटतायत
आणि तो पाय हलवत बसलाय.
सांगत नाही त्याला. लगेच स्वतःला मोजायला लागेल.

“तू कधी बरी होणार?”
मंगळवारी निम्मी.
टेप सर्रकन आत जाते.
तो माझ्याकडं नीट बघतो, डोक्यापासून पायापर्यंत.
“कुठली निम्मी?”